प्रश्न उद्भवतो, मंत्रिमहोदय!

सन्माननीय मंत्रिमहोदय,

दिल्लीतले आणि मुंबईतले, दोन्हीकडचे. मुंबईतले डिसेंबरात आमच्याकडे मुक्कामाला येतात आणि दिल्लीतले अधूनमधून विमानतळावरून वर्ध्याकडे किंवा रेशीमबागेकडे जाताना दिसतात, म्हणून एकच पत्र दोघांना लिहितो आहे.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. घर नागपुरात, बाग काटोलच्या पुढे. संत्र्याची साडेचारशे झाडं आणि बाजूला चार एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूस. म्हणजे अर्धा शहरी, अर्धा कास्तकार. आमच्यासारख्यांची अडचण अशी की पेपर वाचायची सवय जात नाही आणि बागेचा हिशेब सुटत नाही. त्यामुळे परराष्ट्र धोरण नावाची गोष्ट मला कुठल्याही परिसंवादात न जाता कळली. नागपूरच्या कळमना बाजारात कळली, पहाटे साडेपाचला.

आंबिया बहाराचा माल घेऊन गेलो होतो. लिलाव सुरू व्हायचा होता. ज्यांना मी दरवर्षी माल देतो ते व्यापारी संत्र्याच्या ढिगाजवळ उभे राहून फोनवर कुणाशी तरी हिंदीत बोलत होते. हातात एक फळ, त्याची साल अंगठ्याने दाबून बघत होते. फोन खिशात टाकला, फळ परत ढिगावर टाकलं आणि म्हणाले, "बॉर्डरवर गाड्या उभ्या आहेत, भाऊ. आज टनामागे दोन हजार कमी धरा." बस. एवढंच. ढाक्यात कुणी काय ठरवलं, दिल्लीने त्यावर काय म्हटलं, बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोल नाक्यावर कुठला कागद अडला, यातलं काही त्यांनी सांगितलं नाही आणि त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. मला मात्र दोन हजार कमी मिळाले.

आता आकडा सांगतो, कारण आकड्यावाचून तुमच्याकडे पत्र पोचत नाही असं ऐकून आहे. २०१९ च्या सुमारास बांगलादेश आमच्या संत्र्यावर किलोला साधारण २० रुपये आयात शुल्क घ्यायचा. २०२३ पर्यंत ते ८८ रुपयांवर गेलं. बागेत किलोला पंचवीस-तीस रुपये हाती आले की आम्ही वर्ष बरं गेलं म्हणतो. म्हणजे फळाच्या किमतीच्या तिप्पट पैसे ते फळ सीमा ओलांडताना मोजायचे. मोठं, चमकदार फळ देशात खपतं कसंबसं. पण तिकडे वर्षानुवर्षं मोठ्या प्रमाणात जायचं ते वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडचं. ते थांबलं की सगळा माल इथल्याच बाजारात कोसळतो आणि चुरीचा, म्हणजे बारीक फळाचा, भाव तर विचारूच नका. २०१४ साली नागपूर संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. मानांकन अजून आहे, भिंतीवर आहे.

हे शुल्क का वाढलं? याची दोन उत्तरं मी ऐकली. एक, २०२२ मध्ये बांगलादेशाला डॉलरची चणचण भासू लागली, म्हणून त्यांनी बाहेरून येणाऱ्या फळांवर जादा कर लावला. त्यांच्या लेखी संत्रं ही चैन. दुसरं उत्तर बाजारातलं. आपण २०१९ च्या सप्टेंबरात कांद्याची निर्यात बंद केली, २०२० च्या सप्टेंबरात पुन्हा केली, २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा. तिकडच्या स्वयंपाकघरात कांदा आपलाच जायचा. "आपण त्यांचा कांदा तोडला, त्यांनी आपला संत्रा तोडला," असं कळमन्यात चहा पिता पिता कुणीही सांगेल. कितपत खरं, ते मला ठाऊक नाही. खरं असेल तर नाशिकच्या कांद्याचा दर दिल्लीत आटोक्यात ठेवायचा खर्च काटोलच्या माणसाने भरला, असा अर्थ होतो. खोटं असेल तर तसं कुणीतरी अधिकृतपणे सांगावं. हाच तर प्रश्न होता माझा.

म्हणून मी तो विचारायला लावला.

एका लोकप्रतिनिधीकडे गेलो. नाव सांगत नाही. माणूस बरा आहे, ऐकून घेतो. त्यांच्या स्वीय सहायकाने मला पहिला धडा दिला. लोकसभेत तारांकित प्रश्न म्हणजे मंत्र्याने उभं राहून तोंडी उत्तर द्यायचा, वर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित म्हणजे छापील उत्तर, विषय संपला. दिवसाला वीस तारांकित, २३० अतारांकित. पंधरा दिवस आधी सूचना द्यायची. प्रश्न दीडशे शब्दांच्या आत. मत विचारायचं नाही, तर्क लढवायचा नाही, मित्रदेशाबद्दल अनुदार शब्द नकोत. आणि मुख्य म्हणजे जो विषय केंद्र सरकारच्या अखत्यारीतला नाही, तो विचारायचा नाही.

दीडशे शब्दांत साडेचारशे झाडं बसवली मी. एका खात्याला पाठवला. तिथून तो दुसऱ्या खात्याकडे गेला, कारण शुल्क म्हटलं की व्यापार आला. तिथून, मला सांगण्यात आलं, फळबाग म्हटलं की शेती आली. शेवटी कुठून तरी छापील उत्तर आलं. दोन पानी. त्यात देशातून फळांची एकूण निर्यात किती, कोणत्या देशांना, तीन वर्षांचा तक्ता. द्राक्षं, केळी, डाळिंब, आंबा आणि सर्वात खाली "इतर". आमचा संत्रा "इतर"मध्ये होता. आणि शेवटी एक ओळ: बाजारपेठा खुल्या व्हाव्यात यासाठी व्यापारी भागीदारांशी चर्चा ही निरंतर प्रक्रिया आहे.

निरंतर! बँकेत आमच्याकडे कर्जदार असं म्हणायचे. "साहेब, हप्ता भरायचं चालूच आहे."

तोच प्रश्न एका आमदारांमार्फत राज्यातही लावला. विधिमंडळातल्या प्रश्नाची भाषा ज्याने वाचली नसेल त्याने एकदा जरूर वाचावी. "हे खरे आहे काय", "असल्यास", "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत". वाचताना वाटतं पोलीस पाटलासमोर जबानी चालू आहे. उत्तर आलं ते असं: (१) हे अंशतः खरे आहे. (२) ही बाब केंद्र शासनाच्या अखत्यारीतील आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही.

मंत्रिमहोदय, हे तीन शब्द माझ्या घरी आता वाक्प्रचार झाले आहेत. गॅस संपला काय? प्रश्न उद्भवत नाही. नातू अभ्यास करतो काय? अंशतः खरे आहे.

गंमत सोडा. मी दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून बघितली. दोन्हींत एकही वाक्य खोटं नाही. आयात-निर्यात केंद्राच्या यादीतली, ही गोष्ट खरी. शेती राज्याच्या यादीतली, हीही खरी. दिल्लीने आपल्या पुरतं खरं सांगितलं, राज्याने आपल्या पुरतं. या दोन खऱ्यांच्या मधल्या फटीतून माझा माल खाली पडला. परराष्ट्र धोरण वेगळं आणि देशांतर्गत धोरण वेगळं, ही वाटणी तुमच्या खातेवाटपाच्या कागदावर आहे. कळमन्याच्या ओट्यावर तशी वाटणी नाही. तिथे एकच भाव निघतो, त्यात ढाकाही असतो, दिल्लीही असते आणि मंत्रालयही असतं.

राज्याने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०२३ च्या हंगामात बांगलादेशाच्या शुल्कातला निम्मा भार, किलोमागे ४४ रुपये, उचलायची घोषणा झाली. नीट बघा काय झालं ते: परदेशी सरकारने लावलेल्या कराचा अर्धा भाग आपल्या राज्याच्या तिजोरीतून भरायचा. म्हणजे "केंद्राच्या अखत्यारीतील बाब" तेव्हा राज्याने उचलली, अंशतः का होईना. तसं करायला माझा विरोध नाही, उलट त्या वर्षी जरा धीर आला. पण ते ४४ रुपये निर्यातदाराच्या खात्यात थांबले की बागेपर्यंत उतरले, हे विचारायला पुन्हा एक तारांकित प्रश्न लागेल.

आणि संत्र्यापुरतंच नाही हे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं. आपल्या कापड गिरण्यांना दिलासा म्हणून सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. आमचा कापूस वेचणीला येतो तो दसरा-दिवाळीपासून. म्हणजे आमची पहिली वेचणी घरात यायला आणि बाहेरचा बिनशुल्क कापूस बंदरावर उतरायला एकच गाठ पडली. हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये जाहीर होता. खेड्यातल्या व्यापाऱ्याने किती दिला ते माझ्या विक्रीच्या पट्टीवर आहे, ८,११० नाही एवढंच सांगतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बांगलादेशाने जमिनीच्या नाक्यांवरून येणारं आपलं सूत बंद केलं आणि मे महिन्यात आपण त्यांचे तयार कपडे त्याच नाक्यांवरून बंद केले. हिंगणघाटच्या सूतगिरणीतल्या माणसाला विचारा, सूत कुठे जायचं ते. वॉशिंग्टन, ढाका, दिल्ली सगळीकडे निर्णय झाले, सगळे आपापल्या जागी बहुधा बरोबर असतील. पऱ्हाटीत उभ्या असलेल्या माणसाला यातलं एकही उत्तर कुणी एका ठिकाणी उभं राहून दिलं नाही.

मला एक मान्य आहे. परदेशाशी बोलणी चालू असताना पत्ते उघडे करता येत नाहीत. हे आम्हाला शिकवायची गरज नाही. बैलबाजारात आजही जुने लोक रुमालाखाली बोटं दाबून सौदा करतात. बाजूला उभ्या असलेल्याला कळत नाही किती हजारांत मोडलं. पण रुमाल बाजूला झाला की भाव सांगावा लागतो आणि पट्टी हातात द्यावी लागते. तुमचा रुमाल वर्षानुवर्षं हातावरच आहे. आत बोटं हलताहेत की नाहीत हेही कळायला मार्ग नाही.

आता जरा गॅलरीतली गोष्ट. हिवाळी अधिवेशनात आमच्या विभागाचा प्रश्न यादीत आहे असं कळलं म्हणून मी पास काढून विधानभवनात गेलो. पिशवीत दोन संत्री होती, वाटेत खायला. दारावरच्या पोलीस ताईंनी सांगितलं, खायची वस्तू आत नेता येत नाही. एक तिथेच उभ्या उभ्या खाल्लं, एक त्यांना दिलं. निदान एकाचा उठाव झाला. वर जाऊन बसलो. पहिल्या प्रश्नावर चांगली पंचवीस मिनिटं गेली; मंत्री तयारी करून आले होते, बोलत होते, मागून चिठ्ठ्या येत होत्या, हे मी कौतुकाने सांगतो. दुसऱ्यावर गोंधळ. तिसऱ्याचे सदस्य जागेवर नव्हते. आमचा क्रमांक चौदावा. तास संपला. समोरच्या बाकावर एक शाळेची सहल आली होती, त्यातला एक मुलगा शिक्षकांना विचारत होता, "सर, बाकीचे प्रश्न कुठे जातात?" सरांनी त्याला गप्प केलं.

कुठे जातात ते मला आता माहीत आहे. उत्तर पटलावर ठेवलं असं समजायचं. दिल्लीतही वीसपैकी चार-पाच प्रश्नांपर्यंतच तास पोचतो, आणि गोंधळाच्या दिवशी अकराला सुरू होऊन अकरा पाचला तहकूब. त्यात तुमचाच दोष आहे असं नाही. विरोधी बाकांवरच्या मंडळींनाही प्रश्नाच्या तासापेक्षा फलक प्रिय झाले आहेत. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात तर संसदेत प्रश्नांचा तासच नव्हता, साथीचं कारण होतं. छापील उत्तरं मिळाली. छापील उत्तराला उपप्रश्न विचारता येत नाही, हेच त्याचं सुख, तुमच्या बाजूने.

खरं तर प्रश्नाचं बळ तुमच्या सभागृहांनीच आम्हाला दाखवलं आहे. इंग्रजांच्या काळात, १८९३ साली, कायदेमंडळात पहिला प्रश्न विचारला गेला तो भिंगाच्या राजांचा. विषय काय होता? दौऱ्यावर निघालेल्या सरकारी अंमलदारांच्या तळाला रसद पुरवताना गावच्या दुकानदारांचे होणारे हाल. (डिसेंबरात मंत्र्यांच्या मुक्कामाच्या रविभवनाला रंग लागतो, गाड्यांचे ताफे येतात, सिव्हिल लाइन्समधून स्टेशनला जायला तास लागतो, तेव्हा मला हे राजे हटकून आठवतात.) १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या गुंतवणुकीबद्दल विचारलेल्या एका प्रश्नातून मुंदडा प्रकरण बाहेर आलं आणि १९५८ च्या फेब्रुवारीत टी. टी. कृष्णम्माचारींना अर्थमंत्रिपद सोडावं लागलं. १९५९ च्या ऑगस्टअखेर पंडित नेहरूंना अक्साई चीनमधल्या रस्त्याची गोष्ट संसदेत सांगावी लागली, आणि सप्टेंबरात चीनशी झालेल्या पत्रव्यवहाराची श्वेतपत्रिका निघाली. परराष्ट्र खातं तेव्हा त्यांच्याचकडे होतं. सीमेवर तणाव असताना! संत्र्याच्या शुल्कात त्याहून मोठं गुपित असेल असं मला वाटत नाही. मधू लिमये, नाथ पै या खासदारांनी नियमांचं पुस्तक हातात धरून मंत्र्यांना घाम फोडला. आमच्याकडे विदर्भाचे आमदार जांबुवंतराव धोट्यांनी विधानसभेत पेपरवेट भिरकावलं होतं, तो वेगळा संप्रदाय.

इथे एक गोष्ट लिहू की नको, असं दोन दिवस झालं. लिहितो. २३ नोव्हेंबर १९९४ ला अधिवेशन चालू असताना याच शहरात गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. बायका, लेकरं घेऊन आलेली माणसं. आपलं म्हणणं ऐकायला सरकारातलं कुणी तरी येईल म्हणून ती थांबली होती. चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. मी त्यावरून आठवड्यातून चारदा जातो. मोर्चे दरवर्षी येतात, टेकडी रोडवर अडवले जातात, संध्याकाळी शिष्टमंडळाला कुणी तरी भेटतं, निवेदन घेतं, फोटो निघतो. आत लागलेला प्रश्न आणि बाहेर आलेला मोर्चा हे एकाच कागदाच्या दोन प्रती असतात. आतल्या प्रतीला नीट उत्तर मिळत गेलं असतं तर बाहेरच्या प्रती इतक्या निघाल्या नसत्या, असं माझं मत आहे. नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन इथे घ्यायचं ठरलं ते याचसाठी ना, की इथल्या माणसाला विचारायला मुंबई गाठावी लागू नये?

मागणं फार नाही. प्रश्न दोन-तीन खात्यांना शिवत असेल तर तो चेंडूसारखा टोलवू नका. ज्याच्या नावाने आला त्या मंत्र्याने बाकीच्यांकडून माहिती घ्यावी आणि उत्तर स्वतःच्या सहीने द्यावं. बँकेत शाखा अधिकारी ग्राहकाला "हे विभागीय कार्यालयाचं काम" म्हणून परत पाठवायचा नाही. पत्र तोच लिहायचा, उत्तर तोच द्यायचा. "बोलणी चालू आहेत" असं लिहायचं असेल तर शेवटची बैठक कोणत्या तारखेला, कोणत्या पातळीवर झाली, एवढं जोडा. काय बोललात ते नका सांगू. आणि "माहिती गोळा करण्यात येत आहे" असं लिहिलंत, तर ते आश्वासन धरलं जातं आणि लोकसभेत ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, हे आम्हालाही माहीत झालं आहे. आश्वासन समितीचे सदस्य कोण, हे आता मी पाठ केलं आहे. उत्तर समाधानकारक नसेल तर अर्धा तास चर्चेचं आयुध आहे, ते आमच्या प्रतिनिधींनी काढावं. त्यांनाही हे पत्र पाठवतो आहे.

आणि राज्यातल्या मंत्र्यांना एक जास्तीचं. "केंद्राच्या अखत्यारीतील" असं लिहिताना खाली लिहा की आम्ही केंद्राला अमुक तारखेला पत्र पाठवलं, क्रमांक हा, उत्तर आलं किंवा नाही आलं. पत्रच पाठवलं नसेल तर तेही लिहा. "अंशतः खरे" असेल तर कुठला अंश, तो दाखवा.

बागेत आंबिया बहाराची फळं पिवळी धरायला लागली आहेत. यंदा फळगळ बरीच झाली, झाडाखाली सडा पडला होता, तरी जे टिकलं ते चांगलं आहे. व्यापारी येऊन बाग बघून गेले. सौद्याला आठ दिवस मागितले आहेत त्यांनी. सीमेवरून फोन यायची वाट बघताहेत. प्रश्न पुन्हा दिला आहे, या वेळी एकशे एकोणपन्नास शब्दांत. पासचाही अर्ज केला आहे. संत्री घरीच ठेवून येईन.

आपला,
एक संत्रा उत्पादक, नागपूर